चेन्नईची दूधघराणी

कुन्नूरच्या थंडीत लोणी घट्ट राहतं आणि खाली कोइमतूरच्या उन्हात ते पाघळतं. एका दूधघराण्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास एवढ्याशा फरकातून निघाला. मी तो पहिल्यांदा ऐकला मैलापुरात, पोंगलच्या आदल्या आठवड्यात, फिल्टर कॉफीचा टंब्लर हातात असताना. सांगणारे आमचे यजमान काका. तंजावरच्या मराठ्यांपैकी; घरात बायकोशी मराठी, दारात भाजीवालीशी तमिळ आणि बँकेतल्या नोकरीच्या आठवणी इंग्रजीत. मी चेन्नईला दुधाचा माग काढत आलोय हे कळल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. देवळं, साड्या, इडली सोडून हा माणूस गोठे बघणार! मग म्हणाले, "असं असेल तर सुरुवात नीलगिरीजपासून करा. आमच्या वेळी मद्रासेत चांगलं लोणी म्हणजे नीलगिरीज."

एस. मुत्तुस्वामी मुदलियार हे या घराण्याचे मूळ पुरुष. घराण्यात सांगतात ती कथा अशी, की मुत्तुस्वामी हरकारे होते. गोऱ्या साहेबांचं टपाल आणि चेक घेऊन कोइमतूरच्या बाजूने निलगिरीचा डोंगर चढायचे आणि परत उतरायचे. वर कुन्नूर-उटीला साहेब लोकांनी आपला युरोप वसवला होता. गाई होत्या, कुरण होतं, कोबी-गाजर-बटाट्याचे वाफे होते. आणि मुख्य म्हणजे हवा थंड होती, त्यामुळे वरचं लोणी खालच्या लोण्यापेक्षा सरस. खालच्या साहेबांनी हरकाऱ्याला सांगितलं, येताना तेवढं लोणी घेऊन ये. रिकाम्या हाताने डोंगर उतरण्यापेक्षा लोणी घेऊन उतरलेलं बरं, हे मुत्तुस्वामींनाही पटलं असणार. पुढे त्यांनी एका इंग्रजाचा लोण्याचा छोटा धंदाच विकत घेतला आणि १९०५ मध्ये कुन्नूरला दुकान टाकलं. त्याआधी सहा वर्षं, १८९९ मध्ये, मेट्टुपालयमहून कुन्नूरपर्यंत दातेरी रुळांची आगगाडी चढू लागली होती. उटीला ती १९०८ मध्ये पोचली. म्हणजे ज्या काळात पायी टपाल नेणाऱ्याची गरज संपत आली, नेमक्या त्याच काळात हा माणूस दुकानदार झाला. काका हे सांगताना नुसते हसले. मला मात्र यात मुत्तुस्वामींचा धूर्तपणा दिसतो.

लोणी घेणाऱ्याला पाव लागतो. पाव घेणाऱ्याला चीज आणि जॅम लागतो, नाताळात केक लागतो. मुत्तुस्वामींचे पुत्र चेन्नियप्पन यांनी हा धागा ओळखला आणि १९३६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर, छावणीतल्या गिऱ्हाइकांच्या तोंडाशी, दुकान आणलं. पुढे इरोडला दूध गोळा करून प्रक्रिया करायची सोय झाली. चेन्नियप्पन अमेरिका पाहून आले, तिथे गिऱ्हाईक स्वतःच टोपली घेऊन फळ्यांमधून फिरतं हे त्यांनी बघितलं, आणि डेअरीच्या दुकानाचं रूपांतर सुपरमार्केटात झालं. आपल्याकडे किराणा दुकानदार पुडीला दोरा गुंडाळत होता तेव्हाची ही गोष्ट. देशातल्या पहिल्यावहिल्या सुपरमार्केटांत नीलगिरीजचं नाव घेतात ते यामुळे. कंपनीच्या नावात मात्र 'डेअरी फार्म' हे शब्द पुष्कळ वर्षं टिकून होते.

चेन्नईत त्यांचं ठिकाण होतं डॉ. राधाकृष्णन सालैवर. खाली दुकान आणि त्याच घराण्याचं 'नीलगिरीज नेस्ट' नावाचं हॉटेल. काकू लग्न होऊन तंजावरहून मद्रासला आल्या तेव्हा सासूबाई त्यांना इथे घेऊन आल्या होत्या, विकत घ्यायला कमी आणि दाखवायला जास्त. "काचेच्या कपाटात लोणी असतं हे मला खोटं वाटायचं," असं काकू म्हणाल्या. तंजावरच्या घरी लोणी विरजणातून निघायचं आणि ते हंडीत, पाण्यावर तरंगत राहायचं.

त्या रस्त्याने मी दुपारी चालत गेलो. वाहनं, बँका, दवाखाने, हॉटेलं. चेन्नईतल्या कुठल्याही मोठ्या रस्त्यासारखा रस्ता. २००६ मध्ये अ‍ॅक्टिस या गुंतवणूक कंपनीने नीलगिरीजचा मोठा हिस्सा घेतला आणि २०१४ मध्ये साखळी किशोर बियाणींच्या फ्यूचर समूहाकडे गेली. त्याच समूहाच्या बिग बझारचं पुढे काय झालं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. घराण्याने पिकवलेलं नाव घराण्याबाहेर गेलं, आणि ज्यांनी ते घेतलं त्यांच्याकडेही ते सुखाने राहिलं नाही. यावर हळहळणारे बरेच भेटतात. मी त्यांत नाही. शंभर वर्षं एका कुटुंबाने लोणी विकलं, पुढच्या पिढीला दुसरं काही करावंसं वाटलं, तर त्यात वाईट काय? मला कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचं. या सगळ्या वाटचालीत गाय नेमकी कुठे सुटली?

आपल्याकडे चितळ्यांचं उदाहरण डोळ्यांसमोर असतं, म्हणून हा प्रश्न पडतो. भास्कर गणेश चितळ्यांनी १९३९ मध्ये भिलवडीला दुधाचा धंदा सुरू केला तो कृष्णाकाठचं दूध आणि जवळची रेल्वे पाहून. मुलं पुण्यात आली, १९५० पासून चितळे बंधूंचं मिठाईचं दुकान उभं राहिलं, बाकरवडी झाली, दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची ती प्रसिद्ध शिस्तही झाली. पण घराण्याचा एक पाय भिलवडीतच राहिला. बाकरवडीच्या रांगेत उभ्या असलेल्या पुणेकराला ठाऊक नसेल, पण तिकडे जनावरांच्या कानांत चिप बसवून त्यांची नोंद ठेवण्यापर्यंत मजल गेली. भावाभावांत काम वाटलेलं असलं की कुणीतरी गोठ्याजवळ राहतं. दक्षिणेत मी पाहिलेल्या दूधघराण्यांत ही वाटणी दिसली नाही.

दुसरं घराणं शोधायला रोयापुरमला गेलो. चेन्नई बीच स्टेशनहून लोकलने पुढचंच स्टेशन. १८५६ मध्ये दक्षिण भारतातली पहिली आगगाडी इथूनच वालाजा रोडकडे सुटली. खांबांची ती जुनी इमारत अजून उभी आहे, फक्त तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. जवळच कासिमेडूचं मासळी बंदर. हवेत मिठाचा आणि बोंबलांच्या चुलतभावांचा वास. दुधाशी या भागाचा काही संबंध असेल असं वाटत नाही, पण मासळीमुळे इथे बर्फ नेहमीच होता.

इथे १९७० मध्ये आर. जी. चंद्रमोगन नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने बर्फाच्या कांड्या करायला घेतल्या. शिवकाशीजवळच्या तिरुत्तंगलचं कुटुंब. घरचा धंदा बसलेला. वडिलोपार्जित मालमत्ता विकून आलेले १३ हजार रुपये, अडीचशे चौरस फुटांची जागा आणि हाताखाली तीन माणसं. आपण ज्याला गारेगार म्हणतो ते करून हातगाड्यांवर विकायचं. नाव ठेवलं अरुण. शहरातल्या श्रीमंत वस्त्यांत दासप्रकाश आणि क्वालिटीचं आइस्क्रीम होतं, तिथे या पोराला कोण विचारणार? म्हणून तो कॉलेजांच्या खानावळींकडे वळला, मग बाहेरगावी. मोठ्यांनी ज्या छोट्या शहरांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं तिथे अरुणची दुकानं निघाली. आइस्क्रीमला दूध लागतं, दुधासाठी गावं लागतात, आणि गावांतून दूध येऊ लागल्यावर ते नुसतं आइस्क्रीममध्येच का घालायचं? १९९५ मध्ये 'आरोक्य' हे पिशवीतलं दूध आलं. आज त्यांची हटसन अ‍ॅग्रो ही देशातल्या खासगी दूधकंपन्यांत अगदी वरच्या फळीत आहे, आणि कारभार अजून घराण्याच्याच हातात आहे.

रोयापुरमच्या गल्ल्यांत ती अडीचशे चौरस फुटांची जागा दाखवणारी पाटी मला कुठे दिसली नाही. एका चहावाल्याने "अरुण ना? इथलाच की तो" असं म्हणत हात हवेत फिरवला, त्यात अर्धं रोयापुरम आलं. माझ्या मते हीच चंद्रमोगन यांच्या गोष्टीतली मजेशीर बाब. नीलगिरीजवाले गाईपाशी सुरू झाले आणि तिच्यापासून दूर गेले. हा गृहस्थ बर्फापाशी सुरू झाला आणि उलट्या दिशेने गाईकडे निघाला. पण तोही पोचला तो शेतकऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत, गोठ्याच्या आत नाही. गोठा शेतकऱ्याचा, शेण काढणं शेतकऱ्याचं, गाय आटली तर तोटाही त्याचाच. दूध तेवढं टँकरमधून पुढे जातं. सहकारी संघांचंही याहून फार वेगळं नाही, फक्त तिथे तोट्याची चर्चा सर्वसाधारण सभेत होते.

सहकाराचा विषय निघालाच, तर पहाटेची चेन्नई सांगायला हवी. साडेचार-पाचला रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकचे क्रेट येऊन पडतात आणि तमिळनाडूच्या सहकारी दूधसंघाच्या, म्हणजे आविनच्या, दुधाची विक्री सुरू होते. काकांकडे आविनचं महिन्याचं कार्ड आहे. पिशवीचं नाव कुणी घेत नाही. निळी, हिरवी, नारिंगी असं रंगावर मागतात. २०२३ च्या मे महिन्यात अमूलने तमिळनाडूत दूधखरेदी सुरू केली तेव्हा मुख्यमंत्री स्टालिन यांनी थेट केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहिलं. बाहेरच्याला ते राजकारण वाटतं. काकूंना तो घरचा प्रश्न वाटत होता: "आपलं दूध त्यांच्याकडे गेलं तर हिरवी पिशवी कोण भरणार?"

आविनचं जुनं केंद्र माधवरमला, शहराच्या उत्तर टोकाला. शहरातली जनावरं बाहेर न्यायची, त्यांना चारा-पाणी-डॉक्टर एका जागी द्यायचे आणि शहराला स्वच्छ दूध पुरवायचं, या विचारातून इथे मिल्क कॉलनी वसली; मोठी डेअरी १९६३ मध्ये सुरू झाली. मुंबईकराला हे सगळं ओळखीचं वाटेल. दारा खुरोडींनी १९४९ मध्ये आरे कॉलनी उभारली ती याच विचाराने, आणि १९५१ मध्ये नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. माधवरमला आज पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, उद्यान आहे, अजूनही झाडं आहेत, आणि मेट्रोचं काम आहे. चेन्नई मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातली तिसरी मार्गिका 'माधवरम मिल्क कॉलनी'पासून सुरू होते. मुंबईची तिसरी मेट्रोही आरेपासूनच सुरू होते. शहरं वेगळी, भाषा वेगळ्या, नकाशावर बोट ठेवणारे अधिकारी मात्र सगळीकडे सारखेच विचार करतात. गाईंसाठी म्हणून राखलेली मोकळी जागा सापडली, की त्यांना डेपो दिसतो.

सैदापेटला तर गाईच्या आधीच शेत गेलं. १८६० च्या दशकात गव्हर्नर विल्यम डेनिसन यांच्या काळात तिथे सरकारी प्रयोगशेत निघालं, त्याला जोडून शेतकीचं शिक्षण सुरू झालं, आणि १९०६ मध्ये ते सगळं उचलून कोइमतूरला नेलं. आजचं तमिळनाडू कृषी विद्यापीठ आपली वंशावळ तिथपर्यंत नेतं. सैदापेटच्या पुलावरून जाताना मी शेताची एखादी खूण शोधत होतो. खाली अडयार नदी होती, आणि तिचा वास.

कोयंबेडूच्या घाऊक बाजाराबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे एवढंच. १९९६ मध्ये जॉर्ज टाउनमधल्या कोत्तवाल चावडीतून बाजार इथे हलवला. पहाटे त्या गर्दीत निलगिरीची गाजरं आणि बीट उतरत होती, म्हणजे मुत्तुस्वामी ज्या डोंगरावरून लोणी आणायचे तिथलाच माल. आणि थोडं पुढे कांद्याच्या गोण्यांची भिंत. "नाशिक," हमाल म्हणाला. मला उगाचच आनंद झाला. तमिळ सांबारातला छोटा कांदा इथला, पण हॉटेलांना लागणारा मोठा कांदा आपला, हे कळल्यावर शहर थोडं जवळचं वाटायला लागतं.

आता ज्यांच्यासाठी खरं तर मी आलो होतो ते. तिरुवल्लिक्केणी, इंग्रजांनी ज्याचं ट्रिप्लिकेन केलं. पार्थसारथीच्या देवळाभोवतीच्या गल्ल्या. इथे अजूनही घरांच्या पुढे गाई बांधलेल्या असतात. ओसरी म्हणावी इतकीच जागा, एक दावं, एक पाण्याचं पिंप, भिंतीवर थापलेलं शेण. ही गवळ्यांची घरं. दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत मद्रासचा गवळी गाय घेऊनच रतीब घालायला यायचा. दारात गाय उभी करायची, रिकामी चरवी उपडी करून दाखवायची आणि मालकिणीच्या डोळ्यांदेखत धार काढायची. पाणी घातल्याचा आळ नको. सोबत वासरूही असायचं, कारण वासराशिवाय गाय पान्हा सोडत नाही. पण शहरात वासरू पोसणं परवडत नव्हतं, गोऱ्हा असेल तर मुळीच नाही. वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे धरायचे. गाय ते चाटायची आणि पान्हवायची. काकांनी लहानपणी हे रोज पाहिलेलं. "आम्हा पोरांना ती बाहुली वाटायची," ते म्हणाले. काकूंनी तेवढ्यात विषय बदलला. पुढे पेंढ्याची जागा इंजेक्शनने घेतली, त्याविषयी ओरडही झाली. जुनी पद्धत निर्दय होती की नवी, हे मला ठरवता येत नाही. शुद्ध दुधाचा आग्रह धरणारं गिऱ्हाईक मात्र दोन्ही वेळा दारातच उभं होतं.

माट्टु पोंगलच्या दिवशी काका मला ओळखीच्या एका गवळणीकडे घेऊन गेले. गाईंची शिंगं रंगवलेली, एकीची निळी, दुसरीची लाल-हिरवी; गळ्यात झेंडू आणि उसाचे तुकडे. आपला बैलपोळा बैलाचा, इथे मान गाईलाही. देवळाच्या बाजूला एक बाई हादग्याच्या पाल्याच्या जुड्या विकत बसली होती. तो पाला विकत घ्यायचा आणि समोरच्या गाईला घालायचा. पुण्य गिऱ्हाइकाचं, चारा मालकाचा. गवळीण हसत म्हणाली की अमावास्येला वैरणीचा खर्च वाचतो. एरवी सरकीची पेंड, कोंडा, भाताचा पेंढा, आणि सकाळी पोरगा ठरलेल्या घरांतून तांदळाचं धुवण बादल्यांतून गोळा करून आणतो. त्या घरांना त्याबदल्यात कधी थोडं दूध, कधी खरवस. हे सगळं तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून तसंच चाललेलं. बदल झाला तो गाईंत. देशी गेल्या, संकरित आल्या, त्या दूध जास्त देतात आणि उन्हात धापा टाकतात.

आणि बदल झाला तो महापालिकेत. रस्त्यावर मोकळी गाय सापडली की गाडी येते, गाय पुदुपेट किंवा पेरंबूरच्या कोंडवाड्यात जाते. पूर्वी दंड दोन हजार होता. ऑगस्ट २०२३ मध्ये अरुंबाक्कममध्ये शाळेतून घरी निघालेल्या एका लहान मुलीला गाईने शिंगावर घेतलं; ते दृश्य सगळ्या देशाने पाहिलं. त्यानंतर दंड पाच हजार झाला आणि २०२४ मध्ये दहा हजार. मी ते दृश्य पाहिलेलं असल्याने गवळणीच्या बाजूने मान हलवणं मला जड जात होतं. तिलाही ते कळलं. ती म्हणाली, "त्या पोरीची आई मी असते तर मीही गाय सोडणाऱ्याला झोडपलं असतं. पण अय्या, मी गाय बांधू कुठे? इथे कुरण होतं तेव्हा आम्ही आलो. कुरणावर घरं बांधली त्यांना कुणी दंड केला?"

काका हे मराठीत सांगत होते तोवर तिने मला प्रश्न विचारला. आमच्याकडे दुधाचा भाव काय? मी म्हणालो, गाईचं कमी, पण तबेल्यातलं म्हशीचं मुंबईत लिटरला नव्वदीच्या आसपास जातं. तिने भुवया उंचावल्या, नवऱ्याला हाक मारली, त्यालाही तो आकडा सांगितला. दोघांची थोडा वेळ हुज्जत झाली. तो म्हणत होता, म्हैस काळी, रात्री रस्त्यावर दिसणारही नाही, पालिकेची गाडी सरळ पुढे निघून जाईल. ती म्हणत होती, म्हशीला डुंबायला पाणी लागतं, आणि इथे आपल्याला प्यायलाच टँकर येतो. शेवटी तिने काकांना विचारलं, म्हशीला दंड गाईएवढाच आहे का जास्त, हे कुठे कळेल? काका निवृत्त बँकवाले. त्यांनी लगेच चष्मा लावला आणि दंडाच्या पावतीमागचे नियम वाचायला मागितले.